दाराचं तोंड

आधीच सांगते, माझा यावर विश्वास नाही.
पण अठ्ठावीस वर्षं मी घरांचे नकाशे काढले
आणि एकाही दाराचं तोंड दक्षिणेला केलं नाही.
गिऱ्हाईक म्हणायचं, तेवढं सोडून बोला.
मी सोडून बोलायचे.
निमकरांच्या प्लॉटला रस्ता फक्त दक्षिणेकडून.
त्यांच्यासाठी अकरा फुटांचा एक बोळ काढला,
काळोखा, कोपरात मुडपलेला,
म्हणजे माणूस यमाच्या बाजूने शिरला
तरी उंबरठा पूर्वेकडूनच ओलांडेल.
त्यांच्या आई त्या बोळात दोनदा पडल्या.
मी तिथे दिव्याची सोय करून दिली. बिलात धरली नाही.

आणि आता हे.
अरखांगाईच्या गवतात, उलानबातरपासून दोन दिवसांवर,
नमद्याची सात वाटोळी घरं, एकमेकांच्या हाकेपलीकडे,
आणि साताही दारांची तोंडं दक्षिणेला.
जणू तिकडून कुणी साद घातली होती
आणि सगळ्यांनी ओ दिली.

उंबरठ्यावर पाय देऊ नका, ड्रायव्हर गान्सुख म्हणाला.
हे मला सांगायला नको होतं.
एवढं एकच ओळखीचं निघालं,
हे, आणि चुलीशेजारी रचलेल्या गोवऱ्या.

दुल्माबाईंनी मला मानाच्या जागी बसवलं:
मागे देव, पाठ उत्तरेला,
समोर सताड उघडं दार.
यमाकडे तोंड करून मी मिठाचा चहा प्यायले.
वाटीत साय होती. दारात घोडे होते.
ऊन गुडघ्यापर्यंत आलं.

विचारलं, दक्षिणेलाच का?
त्यांनी गान्सुखकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
पाणी ओलं का असतं असं पोराने विचारल्यासारखं.
माझ्या पाठीमागच्या नमद्यावर थाप मारली.
वारा तिकडून येतो.
एकशे ऐंशी मेंढ्या उभ्या उभ्या गोठल्या
तो हिवाळाही तिकडूनच आला.
मरण उत्तरेकडून येतं, तुमच्याकडे ठाऊक नाही?

आमच्याकडे दक्षिणेकडून, म्हणाले.
त्या बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, म्हणजे तुमच्या-आमच्या मध्ये जे राहतात
त्यांना मरण नाही?
मध्ये चीन आहे, गान्सुख म्हणाला.

वहीत मी त्या घराचा नकाशा काढला.
हात सवयीने ईशान्य कोपऱ्याकडे गेला,
तर कोपराच नाही.
नुसतं वर्तुळ, मध्ये चूल, खाली दार.
दुल्माबाईंनी वही घेतली आणि उलटी फिरवली.
त्यांच्या बोलीत दक्षिण म्हणजे पुढे,
आणि पूर्व नि डावी यांना शब्द एकच.
दिवसभर गान्सुख पूर्व म्हणत होता
आणि मी खिडकीतून भलतंच काही बघत होते.

रात्री गादी घातली, उशी उत्तरेला.
उत्तरेला डोकं आमच्यात एकदाच करतात,
आणि ते करणारे हात दुसऱ्यांचे असतात.
विश्वास नाही, हे सांगितलंच आहे.
तरी सगळे निजल्यावर
उशी गुपचूप पायथ्याशी नेली.

तीनच्या सुमारास त्या चूल पेटती ठेवायला उठल्या.
माझे पाय त्यांच्या देवाकडे.
बोलल्या काहीच नाहीत.
उशी काढून घेतली, पुन्हा वरच्या अंगाला ठेवली,
दोनदा थोपटली
आणि उभ्या राहिल्या, लेकरू आपणहून वळेपर्यंत
आया थांबतात तशा.
मी वळले.
पाय दक्षिणेला, डोकं उत्तरेला,
मेल्यासारखी गाढ झोपले.

जाग आली तेव्हा छताच्या झरोक्यातून
उन्हाची एक भाकरी पश्चिमेच्या भिंतीवर,
आणि बाहेर बादलीत याकीच्या दुधाची धार.
निमकरांचा नंबर अजून माझ्याकडे आहे.
लावून पाहिला.
रेंज नव्हती.